कारखान्यातून आलेले न्हाणीघर आणि सोलापूरचे पिंप

अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेने चार इमारतींचे संकुल हाती घेतले, तेव्हा कार्यकारिणीची अट एकच होती: या खेपेस न्हाणीघर गळता कामा नये. अट साधी वाटते, पण तिच्यामागे कडू अनुभव होता. संस्थेच्या आधीच्या दोन इमारतींत संडास-न्हाणीघराखालचा स्लॅब नेहमीच्या रिवाजाप्रमाणे खाली घेऊन, त्यात वीटतुकड्यांचा कोबा भरून, वर फरशी बसवलेली होती. दुसरा पावसाळा येण्याआधीच खालच्या घरांच्या छतावर पिवळट ओले डाग उमटले. पाणी फरशीच्या सांध्यातून आत शिरते, कोब्यात साठते आणि महिन्यांनी भलत्याच ठिकाणी पाझरते, त्यामुळे गळती नेमकी कुठे आहे हे कोणालाच सांगता येत नव्हते. वरचे कुटुंब आणि खालचे कुटुंब यांच्यात बोलणे बंद होण्यापर्यंत प्रकरणे गेली. दुरुस्तीसाठी फोडलेल्या न्हाणीघरांपैकी काही पुन्हा गळू लागली.

मी या संस्थेचा बांधकाम सल्लागार म्हणून काम पाहिले. नव्या चार इमारतींत खाली वाहनतळ आणि वर सात मजले, प्रत्येक मजल्यावर आठ घरे, म्हणजे एका इमारतीत ५६ आणि एकूण २२४ घरे होती. सर्व घरांचा नकाशा सारखाच असल्यामुळे संडास, न्हाणीघर आणि त्यांचे नळकाम कारखान्यात तयार करून आणावे, असा प्रस्ताव पुढे आला. पहिल्या इमारतीत तो पूर्णपणे अमलात आला, त्यातून एक अनपेक्षित दोष निघाला, आणि उरलेल्या तीन इमारतींसाठी आम्ही पद्धत बदलली. हा सर्व प्रवास येथे क्रमाने मांडला आहे.

तयार खोलीची कल्पना आणि आमची निवड

कारखान्यात न्हाणीघर बनवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत संशोधक बकमिन्स्टर फुलर यांनी पत्र्यातून घडवलेल्या न्हाणीघराचे पेटंट १९४० मध्ये घेतले होते. जपानमध्ये १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकसाठी हॉटेल न्यू ओटानी घाईने उभे करावे लागले, तेव्हा टोटो कंपनीने हजाराहून अधिक तयार न्हाणीघरे पुरवली आणि तिथून ही पद्धत त्या देशात रुळली. सोव्हिएत संघातील मोठ्या गृहवसाहतींत काँक्रीटची स्वच्छतागृह-पेटी क्रेनने उचलून थेट मजल्यावर ठेवली जात असे. आपल्याकडे केंद्र सरकारच्या लाइट हाउस प्रकल्पांपैकी (नव्या तंत्राने घरे बांधून दाखवणारे प्रकल्प) रांची येथील १,००८ घरांत काँक्रीटच्या संपूर्ण खोल्या कारखान्यात ओतून रचण्याची पद्धत वापरली गेली. कार्यकारिणीसमोर मी ही उदाहरणे ठेवली. त्यांच्यासोबत टोकियोतील १९७२ च्या नाकागिन कॅप्सूल टॉवरचेही उदाहरण ठेवले. त्या इमारतीतील कॅप्सूल, म्हणजे कारखान्यात बनवलेल्या छोट्या खोल्या, सुटे काढून बदलता येतील अशी मूळ कल्पना होती; प्रत्यक्षात ते कधीच बदलले गेले नाहीत, त्यांच्यामधल्या अडचणीच्या जागेतील नळ गंजत गेले आणि २०२२ मध्ये ती इमारत उतरवण्यात आली. खोली किती चांगली आहे यापेक्षा तिच्या मागच्या नळापर्यंत माणसाचा हात पोहोचतो का, हा प्रश्न त्यामुळे सुरुवातीपासूनच आमच्या टिपणात होता.

सोलापुरात ही पद्धत चालेल की नाही, हे मुख्यतः संख्येवर अवलंबून होते. कुंभारीच्या माळावर विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीत १०,००० घरे झाली आणि त्याच भागातील रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची योजना आखली गेली, ज्यातील १५,००० घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. एवढ्या सारख्या घरांवर साच्याचा खर्च वाटला गेला, तर तो दर घरामागे नगण्य होतो. आमच्या २२४ घरांवर तो नगण्य नव्हता. म्हणून नवा साचा न बनवता पुण्याजवळच्या एका पुरवठादाराच्या तयार मापांत बसेल असा नकाशा आम्ही करून घेतला. महिला सभासदांचा आग्रह होता की संडास आणि न्हाणीघर एकाच दाराआड नको. त्यामुळे एकाच पेटीत मध्ये पडदी घालून दोन दारे दिली: संडास सुमारे १.३८ चौरस मीटरचा आणि न्हाणीघर १.८३ चौरस मीटरचे. राष्ट्रीय बांधकाम संहितेत अनुक्रमे १.१ आणि १.८ चौरस मीटर एवढी किमान क्षेत्रे आहेत, म्हणजे न्हाणीघर जेमतेम नियमात बसले.

मग वजनाचा प्रश्न आला. बाहेरून १.६ बाय २.३ मीटरची आणि २.४ मीटर उंचीची ही पेटी ६० मिलिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंतींची केली, तर फरशीसह तिचे वजन साडेचार टनांच्या आसपास जाते. तीच पेटी हलक्या पोलादी चौकटीवर सिमेंट बोर्ड लावून केली, तर सुमारे दीड टनात काम भागते. सोलापुरात मध्यम उंचीच्या इमारतीसाठी टॉवर क्रेन उभी करण्याचा कोणी विचारही करत नाही. भाड्याची फिरती क्रेन आणि साहित्य वर नेणारी लिफ्ट यांवरच कामे होतात. सातव्या मजल्यावर, इमारतीपासून अंतर राखून साडेचार टन उचलायचे म्हणजे बरीच मोठी क्रेन लागते आणि तिचे दिवसाचे भाडे ऐकून कार्यकारिणीतले हिशेबनीस गप्प झाले. हलकी पेटी निवडली गेली ती अशी, क्रेनच्या भाड्यामुळे. पुढे जे घडले त्याचे बीज या निवडीत होते, पण तेव्हा ते कोणाच्याही ध्यानात आले नाही.

मजल्यावर काय घडले

पुण्याहून सोलापूरपर्यंतचा अडीचशे किलोमीटरचा रस्ता ट्रेलरसाठी उत्तम आहे आणि वाहतुकीत एकही फरशी तडकली नाही. अडचण वेगळीच होती. चाळीस फुटी ट्रेलरवर सात पेट्या मावत होत्या आणि मजल्यावर घरे आठ होती. प्रत्येक मजल्याची आठवी पेटी पुढच्या खेपेला येई आणि तेवढ्यासाठी त्या मजल्याचा दर्शनी भाग उघडा ठेवावा लागे. नकाशावर ज्या गोष्टीकडे लक्षही जात नाही, तिने क्रेनचे दोन जादा दिवस खाल्ले.

पहिली पेटी वर चढवली त्या सकाळी अर्धी कार्यकारिणी खाली उभी होती. क्रेनने ती पहिल्या मजल्याच्या बाहेर काढलेल्या फलाटावर अलगद टेकवली. तिथून चाकांच्या गाड्यावरून ती आत ढकलायची होती. मजल्याची स्वच्छ उंची भरपूर होती, पण कडेच्या तुळईखाली फक्त अडीच मीटर जागा होती. पेटी २.४ मीटर आणि गाडा पंधरा सेंटिमीटरचा, म्हणजे पेटी तुळईला पाच सेंटिमीटर अडली. कोणी तुळई तासण्याची भाषा करू लागला, ती मी तिथेच थांबवली. शेवटी सेंटरिंगच्या मुकादमाने गाडा काढायला लावला, चाळीस मिलिमीटरचे लोखंडी पाइप आडवे टाकले आणि रथ ओढावा तशी पेटी रुळांवरून आत नेली. वर तीन बोटांची फट राहिली. मागचा पाइप मोकळा झाला की एक पोरगा तो उचलून पुढे आणून टाकत होता. उरलेल्या ५५ पेट्या याच रीतीने आत गेल्या. कारखान्याच्या माहितीपुस्तकात ही युक्ती कुठेही नव्हती.

दुसरी अडचण हळूहळू वाढत गेली. प्रत्येक पेटीचा सांडपाण्याचा निचरा ११० मिलिमीटरच्या उभ्या नळाला मिळतो आणि पेटी कारखान्यात बनत असल्यामुळे तिच्या तोंडाची जागा सातही मजल्यांवर तंतोतंत एकच असते. इमारत मात्र माणसांनी ओतलेली असते. स्लॅबमधील नळाचे भोक सोडताना सुतार जवळच्या खांबापासून माप घेत होते, आणि खांब प्रत्येक मजल्यावर चार-सहा मिलिमीटर इकडेतिकडे होतच असतो. पाचव्या मजल्यावर भोक आणि पेटीचे तोंड यांत ३५ मिलिमीटरचा फरक पडला. रबरी रिंगच्या जोडाचा नळ एवढा कलत नाही; तिथे दोन बेंड घालून नळ वळवावा लागला, आणि ४५० मिलिमीटर रुंदीच्या डक्टमध्ये, म्हणजे नळांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत, त्या वळणामुळे प्लंबरचा खांदाच शिरेना. त्यानंतर आम्ही गच्चीवरून ओळंबा सोडून सर्व भोकांमधून एकच दोरी खाली आणली आणि मापे खांबापासून न घेता त्या दोरीपासून घेण्याचा नियम केला. हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते. हाताने बांधलेल्या न्हाणीघरात गवंडी चुकलेले माप जागच्या जागी सांभाळून घेतो. तयार पेटी तशी सवलत देत नाही, आणि आपल्या कामगारांची सगळी शिस्त मात्र सांभाळून घेण्यावरच उभी असते.

नळाच्या जोडासंबंधी आणखी एक गोष्ट येथे नोंदवतो, कारण ती सोलापूरच्या हवेशी जोडलेली आहे. यूपीव्हीसीचा, म्हणजे कडक प्लास्टिकचा, नळ तापमानाच्या प्रत्येक अंशाला दर मीटरमागे सुमारे ०.०७ मिलिमीटर लांबतो. थंडीतल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत डक्टमधील तापमानात तीस अंशांचा फरक धरला, तर तीन मीटरच्या मजल्याला सहा मिलिमीटरहून अधिक हालचाल येते. म्हणून नळ सॉकेटमध्ये पूर्ण ठोकून चालत नाही. तो पूर्ण आत घालून, खूण करून, दहा मिलिमीटर मागे ओढावा लागतो. आमच्याकडचे प्लंबर नळ ठाकठोक शेवटपर्यंत बसवण्यात अभिमान मानतात. प्रत्येक जोडावर मार्करची रेघ दिसल्याशिवाय बिल मंजूर करायचे नाही, असे ठरवल्यावरच हा प्रकार थांबला.

इतके होऊनही ५६ पेट्या तीन आठवड्यांच्या आत बसल्या. आधीच्या इमारतीत याच कामाला गवंडी, फरशीवाले, प्लंबर आणि पुन्हा गवंडी अशा फेऱ्यांत चार महिने गेले होते. प्रत्येक पेटीत ४८ तास पाणी साठवून चाचणी घेतली आणि एकही गळली नाही. कार्यकारिणीने पेढे वाटले.

गळती

घरांचा ताबा दिल्यानंतर सात महिन्यांनी पहिली तक्रार आली आणि दोन महिन्यांत ती अकरा घरांपर्यंत पोहोचली. फरशीच्या सांध्यातील भरण केसासारखी चिरली होती आणि खालच्या घरात, पेटीच्या वरच्या कोपऱ्यातून, ओल उतरत होती. माझा पहिला संशय पाचव्या मजल्यावरच्या वळवलेल्या नळावर गेला. आम्ही ते बेंड काढून नवे बसवले, डक्टमधील सर्व जोड तपासले, संस्थेचे पैसे खर्च झाले आणि ओल होती तिथेच राहिली. नंतर संशय फरशीच्या भरणीवर गेला. ती खरवडून पुन्हा भरली, आणि सहा आठवड्यांत त्याच रेषेवर पुन्हा चिरली.

त्याच रेषेवर चिरली, यातच उत्तर होते. ते मला दिसायला वेळ लागला. अकरा घरांची यादी घेऊन मी प्रत्येक न्हाणीघर स्वतः पाहिले. सहाव्या मजल्यावरच्या एका घरात आजीबाईंनी दार उघडले आणि मला आत पाऊल ठेवायला जागाच नव्हती. डाव्या कोपऱ्यात दोनशे लिटरची दोन निळी पिंपे उभी होती, झाकणावर तांब्या आणि कपडे धुण्याचा साबण. ही पिंपे इथे कशाला, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "मग कुठं ठेवायची साहेब, डोक्यावर? पाणी काय रोज येतंय व्हय?"

सोलापूर शहराला उजनी धरणातून, शंभराहून अधिक किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने, पाणी येते. आणि शहराच्या बऱ्याच भागांत ते रोज येत नाही, काही दिवसांआड येते. पाणी सोडणारा चावीवाला कोणत्या वेळी येईल, यावर इथल्या घरांचे वेळापत्रक ठरते. संकुलाच्या जमिनीखालच्या टाकीची क्षमता इमारतीमागे ६०,००० लिटर ठेवली होती. पाच माणसांचे कुटुंब आणि माणशी १३५ लिटर असा हिशेब केला, तर ५६ घरांना दिवसाला ३७,८०० लिटर लागतात. चार दिवसांच्या खंडासाठी दीड लाख लिटर साठा हवा. तो नव्हता. टाकी रिकामी होऊ नये म्हणून संस्थेने पंप ठरावीक वेळीच चालवण्याचा नियम केला, आणि ज्या क्षणी नळाला वेळ लागली त्या क्षणी घराघरांत पिंप आले. ज्यांची मागची गॅलरी मोकळी होती त्यांनी ते तिथे ठेवले. ज्यांनी गॅलरीत स्वयंपाकघर वाढवले होते, त्यांचे पिंप न्हाणीघरात गेले. तक्रारीची अकराही घरे या दुसऱ्या प्रकारची होती.

आता आकडे पाहा. भरलेल्या पिंपाचे वजन सुमारे २१० किलो आणि त्याच्या बुडाचे क्षेत्र पाव चौरस मीटरहून किंचित अधिक असते. म्हणजे त्याच्या खालच्या जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे ८०० किलोंचा भार येतो. इमारतींवरील भारांसाठीच्या आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात निवासी संडास-न्हाणीघरासाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो भार धरला आहे. काँक्रीटच्या स्लॅबला एका कोपऱ्यातल्या चौपट भाराचे फारसे काही वाटत नाही, कारण तो भार आजूबाजूला पसरतो. आमच्या हलक्या पेटीची जमीन मात्र चाळीस सेंटिमीटर अंतरावरच्या पोलादी पट्ट्यांवर टाकलेल्या बोर्डाची होती, आणि पेटी समपातळीत आणण्यासाठी पायांवर उभी केलेली असल्यामुळे तिच्याखाली चार-पाच सेंटिमीटरची पोकळी होती.

खात्री करण्यासाठी चौथ्या मजल्यावरचे एक रिकामे घर घेतले. तिथे ४८ तास पाणी साठवले, ओल नाही. मग पाणी काढून, जमिनीखालच्या पट्टीला डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारे काट्याचे मापक) लावून, दोन पिंपे कोपऱ्यात ठेवली आणि भरत गेलो. पिंपे भरली तेव्हा काटा तीन मिलिमीटर खाली गेला होता. रिकामी केली की वर आला. जे कुटुंब चार दिवसांत पिंप भरते आणि संपवते, त्याची जमीन चार दिवसांतून एकदा अशी खालीवर होत होती. सांध्यातील भरण ठिसूळ असते, ती पहिली तुटली. तिच्यामागोमाग भिंत आणि जमीन यांच्या कोपऱ्यातील जलरोधक पट्टी सुटली. पुन्हा पाणी साठवून वर भरलेली पिंपे ठेवली, तेव्हा तिसाव्या तासाला खालच्या घरात ओल दिसली. आमची आधीची ४८ तासांची चाचणी खोटी नव्हती, पण ती रिकाम्या न्हाणीघराची होती.

पुरवठादाराने लेखी कळवले की जमीन मानकातील भारासाठी बनवली होती आणि वापर त्या मर्यादेबाहेर झाला, म्हणून हमी लागू होत नाही. कागदावर त्याचे म्हणणे बरोबर होते, आणि तो भार मंजूर करणारी सही माझी होती. मी सोलापुरात वाढलो आहे. आमच्या घरच्या मोरीत तांब्याच्या बंबाशेजारी सिमेंटचे पिंप होते आणि ते भरण्यासाठी मला पहाटे उठवले जाई. तरीही जमिनीचा भार तपासताना मी मानकातला आकडा पाहिला आणि पुढचे पान उलटले.

दुरुस्ती आणि बदललेली पद्धत

पहिल्या इमारतीत पेट्या काढणे अशक्य होते. त्यामुळे उपाय त्या पोकळीतच शोधला. निचऱ्याचे आडवे नळ फोमच्या पट्टीने गुंडाळून, जाळीच्या बाजूने नळी घालून, पेटीखालची जागा हलक्या फेसाळ काँक्रीटने भरून काढली. जमिनीला सर्वत्र खालून आधार मिळाला, डायल गेजचा काटा हलेनासा झाला, आणि सांधे इपॉक्सीने पुन्हा भरल्यावर ओल थांबली. याची किंमतही मोजावी लागली आहे: ते आडवे नळ आता कायमचे गाडले गेले, आणि उद्या त्यांत काही बिघडले तर वरून फोडावेच लागेल. नाकागिनची गोष्ट सांगणाऱ्याच्याच हातून हे झाले, याची खंत मी लपवत नाही. त्याबरोबरच संस्थेने वाहनतळाच्या कडेला ९०,००० लिटरची जादा टाकी बांधली आणि पंपाची वेळ वाढवली. पिंपे मात्र हलली नाहीत. पाण्याचा भरवसा टाकीने येत नाही, तो वर्षांनी येतो, आणि कोणत्याही घरातील बाईने टाकीकडे पाहून पिंप विकल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

उरलेल्या तीन इमारतींसाठी आम्ही संपूर्ण खोलीचा हट्ट सोडला आणि तिचे दोन तुकडे केले. पहिला तुकडा म्हणजे नळांची तयार भिंत: २०० मिलिमीटर जाडीची पोलादी चौकट, जिच्यात पाण्याच्या सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या) नळ्या, सांडपाण्याचा उभा नळ, वायुनळ, फ्लशची टाकी आणि गिझरच्या विजेची नळी आधीच बसवलेली असते. तिच्या एका बाजूला न्हाणीघर येते आणि दुसऱ्या बाजूला स्वयंपाकाचा ओटा, त्यामुळे घरातील सगळे पाणी एकाच भिंतीत राहते. वजन दोनशे किलोंच्या आत असल्यामुळे ती साहित्याच्या लिफ्टनेच वर जाते आणि क्रेनची गरज संपते. दुसरा तुकडा म्हणजे न्हाणीघराची काँक्रीटची परात: सत्तर मिलिमीटर जाडीचा तळ, चारी बाजूंनी शंभर मिलिमीटरचा उठलेला काठ, आणि नहाणी ट्रॅपची (निचऱ्याच्या तोंडाची) कॉलर ओततानाच आत धरलेली. ही परात आम्ही संकुलाच्या आवारातच साच्यात ओतली. ती स्लॅबवर मसाल्याच्या थरात पूर्ण बसते, खाली पोकळी नसते, आणि पिंप कुठेही ठेवले तरी तिला फरक पडत नाही. उरलेल्या भिंती गवंड्याने नेहमीप्रमाणे बांधायच्या आणि फरशीवाल्याने नेहमीप्रमाणे फरशी लावायची. गळतीची जागा तेवढी कारखान्याच्या शिस्तीत आली आणि बाकीचे काम ज्या हातांना ते येते त्यांच्याकडेच राहिले.

चौकटी चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील एका फॅब्रिकेटरकडून करून घेतल्या. प्रत्येक चौकट आणण्यापूर्वी तिच्या नळ्या १० बार दाबावर तासभर ठेवून तपासल्या जातात. पहिल्या खेपेत दोन चौकटी या तपासणीत नापास झाल्या आणि तिथल्या तिथे दुरुस्त झाल्या. भिंतीत गाडल्यावर हेच दोन जोड शोधायला किती दिवस गेले असते, हे आधीच्या इमारतींत आम्ही पाहिले होते. डक्टची रुंदी आता ७५० मिलिमीटर आहे आणि दर मजल्यावर कुलपाचे दार आहे. स्लॅबमधून नळ जातो तिथे आगरोधक कॉलर लावली आहे. पहिल्या इमारतीत भिंतीत लपवलेले गरम-थंड पाण्याचे एकत्र नळ होते. बोअरच्या जड पाण्याने त्यांच्यात क्षार साचून ते दीड वर्षात अडकू लागले. आता साधे, बाहेरून उघडता येणारे पितळी नळ आहेत. ते दिसायला जुने वाटतात, पण त्यांचे वॉशर पेठेत कुठेही मिळतात.

खर्चाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. संपूर्ण पेटी महाग पडली ती केवळ तिच्या किमतीमुळे नव्हे. कारखान्यातून येणाऱ्या तयार वस्तूवर जीएसटी भरावा लागतो, आणि सभासदांसाठी स्वतःच बांधणाऱ्या आमच्या संस्थेला त्याची वजावट मिळत नव्हती. गवंड्याच्या रोजावर असा कर नसतो. त्यात क्रेनचे भाडे आणि कारखान्याला आगाऊ द्यावी लागणारी मोठी रक्कम आली. सभासदांकडून हप्ते महिन्यामहिन्याने येतात, आणि पेट्यांचे पैसे मात्र त्या बनण्यापूर्वी द्यावे लागतात. हलक्या चौकटी मजल्यामजल्याने मागवता आल्यामुळे हा ताण कमी झाला. वेळेचा फायदा अर्थातच घटला: तीन आठवड्यांत होणाऱ्या कामाला आता सात ते आठ आठवडे लागतात. तरीही ते चार महिन्यांच्या निम्मेच आहे.

दुसऱ्या इमारतीचा ताबा देऊन दोन पावसाळे झाले आहेत. सातव्या मजल्यावर भोक ओळंब्याच्या दोरीपासून नऊ मिलिमीटर सरकलेले मिळाले, आणि चौकटीच्या तळाशी ठेवलेल्या लांबट छिद्रांमुळे तो फरक तिथेच पचला. तिसऱ्या इमारतीत एक नवा प्रकार सुरू झाला: चौकटी बनून आल्यानंतर तीन सभासदांनी वॉशिंग मशीनचा निचरा दुसऱ्या भिंतीला हवा म्हणून अर्ज केले. कार्यकारिणीने ते नाकारले. एका घरात तरीही रात्रीतून भिंतीला झिरी मारून नळ फिरवला गेला, आणि त्या घराची तयार भिंतीवरची हमी संस्थेने लेखी काढून घेतली.

चौथ्या इमारतीच्या चौकटी मागवण्यापूर्वी नकाशा सभासदांच्या बैठकीत भिंतीवर लावला होता. न्हाणीघराच्या कोपऱ्यात ६०० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ काढून आत 'पिंप' असे लिहिले होते आणि शेजारी भार लिहिला होता: दर चौरस मीटरला ८ किलोन्यूटन. त्या वर्तुळावर पाऊण तास चर्चा झाली. ते गिझरच्या खाली आहे, पिंपावर चढून मुले बटणाला हात लावतील, असे एका बाईंचे म्हणणे होते. दुसरीचे म्हणणे की ते दाराजवळ आणले तर भरताना नळी लांबवावी लागणार नाही. शेवटी वर्तुळ दाराच्या बाजूला अर्धा मीटर सरकले, एका पिंपाची दोन झाली, आणि त्याखाली अध्यक्षांची व माझी सही झाली.